सासू विहिरीवरचे अठ्ठ्याऐंशी

५ जानेवारी, सोमवार

आज पाटी लागली. 'संशोधन डेटा कक्ष'. सुताराने जरा तिरकी लावली. मी म्हटलं, सरळ कर, तर म्हणतो भिंतच तिरकी आहे. पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसलो. मी तापट नाही. लोक तापवतात.

खोली म्हणजे ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची, जुन्या नियतकालिकांची. ती मिळवायला कुलगुरूबाईंच्या दारात वर्षभर चपला झिजवल्या. माझं म्हणणं साधं होतं. पुस्तकं आपण जपतो, प्रबंध जपतो. पण ज्या मोजमापांवरून ते प्रबंध लिहिले, तो डेटा कुणाच्या तरी संगणकात पडून असतो. माणूस निवृत्त झाला, संगणक भंगारात गेला, की खेळ खलास. मग पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायचं. बाईंनी शेवटी खोली दिली, पण अट घालून. मार्चअखेरच्या सभेत एक तरी डेटासंच असा दाखवायचा, की तो गोळा करणाऱ्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला, कुणाला काही न विचारता वापरता यावा. आणि हे ग्रंथालयाने एकट्याने करायचं नाही, संगणक केंद्र आणि संशोधन कार्यालय सोबत हवं. नाही जमलं तर खोली परीक्षा विभागाला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला.

गठ्ठे मी येऊ देणार नाही. लिहून ठेवतो इथे.

घरी येऊन ताईला सांगितलं, तर म्हणाली, "पाटी लावून दुकान चालत नाही, बाबू." ताई माझी मोठी बहीण. जन्मभर दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि आता वॉर्डात एकच पेशंट उरल्यासारखी माझ्या मागे असते.

८ जानेवारी, गुरुवार

सगळ्या विभागांना परिपत्रक पाठवलं. दोन पानी. डेटा का जपावा, कसा जपावा, आमच्याकडे कसा द्यावा. सोबत भरायचा अर्ज. मसुदा चारदा बदलला, एक स्वल्पविराम वावगा नाही. आता बघू कोण येत नाही ते.

१६ जानेवारी, शुक्रवार

कुणीच आलं नाही.

म्हणजे अर्ज एकही नाही. आज कार्यशाळा ठेवली होती, तिला एकच माणूस. तोही संगणक केंद्राचा प्रमुख, आणि तोसुद्धा आमच्याकडे आलेला त्यांचा एक्स्टेन्शन बोर्ड परत न्यायला. याला मी कुलूपराव म्हणतो. केंद्रातल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, अगदी कागद ठेवायच्या टेबलालाही कुलूप. बोर्ड घेऊन लगेच जायचं ना? तर मागच्या खुर्चीत बसून वायर तपासत राहिला, माझं भाषण संपेपर्यंत. एका वायरीत तपासण्यासारखं असतं तरी काय?

ताईसमोर चरफडलो. ती म्हणाली, तू उंटावरून शेळ्या हाकतोयस. आमच्याकडे बाळंतीण तपासायला आली नाही, तर आम्ही तिच्या घरी जायचो. दारात उभं राहून अर्ज नाही मागायचो, आधी बाळाला बघायचो.

मी म्हटलं, प्राध्यापक म्हणजे बाळंतिणी नव्हेत. नंतर विचार केला. तिचं चुकत नाही. तिला तसं सांगितलं नाही, एवढंच.

१९ जानेवारी, सोमवार

दारोदार सुरुवात. आधी कुलूपराव. म्हटलं, डेटा ठेवायला सर्व्हरवर जागा हवी. म्हणाला, लेखी द्या, बघतो. चेहरा असा, जणू मी त्याच्या घरातली खोलीच मागितली. मग संशोधन कार्यालय. तिथल्या अधिकारी म्हणजे शिक्केबाई. प्रकल्प संपला की त्यांचा शिक्का लागतो, तेव्हाच शेवटचा हप्ता सुटतो. त्या म्हणाल्या, डेटा आमच्याकडे येत नाही हो, आमच्याकडे अहवाल येतो. डेटा संगणक केंद्राचा. संगणक केंद्र म्हणतं ग्रंथालयाचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर तीन घरचा.

त्यातून परत येऊन बसतो तोच फोन. "भूशास्त्राच्या सरांच्या घरून बोलतेय. तुमचं पत्रक आमच्याकडे आलं होतं. सरांचं विहिरींचं काम घ्याल का? पण या सकाळी. लवकर या."

या बाई म्हणजे विहीरसरांची बायको. विहीरसर कोण हे इथे सगळ्यांना माहीत आहे. गेल्याच वर्षी निवृत्त झाले. आसपासच्या विहिरींची पाणीपातळी दर ऋतूत, तीस वर्षं, स्वतः दोरी सोडून मोजणारा माणूस. आणि माझं पत्रक खुद्द त्यांच्या घरी वाचलं गेलंय. आता काय बिशाद आहे गठ्ठ्यांची!

२२ जानेवारी, गुरुवार

काय माणूस आहे! कॅम्पसच्या मागच्या गल्लीत घर. पुढच्या खोलीत टेबलावर त्यांचा जुना संगणक, त्यावर कापड. सरांनी फायली उघडून दाखवल्या. विहिरींना क्रमांक नाहीत, नावं आहेत, तीही त्यांनीच ठेवलेली. लंगडी, बहिरी, कंजूष, लाडकी, सासू. मी हसत सुटलो. सासू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "खोल आहे आणि आत काय चाललंय पत्ता लागत नाही." वहिनी म्हणाल्या, माझ्या सासूबाई असत्या तर तुमची खैर नव्हती.

वहिनी सारख्या मध्ये बोलतात, तेवढं सोडलं तर झकास सकाळ. सरांनी एखादं वाक्य सुरू केलं की शेवट या करणार. सरांनी मला दोनदा विचारलं, आपण कुठल्या विभागात? दोन्ही वेळा सांगितलं, ग्रंथालय. मोठी माणसं, त्यांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.

२७ जानेवारी, मंगळवार

डेटा पेनड्राइव्हवर घेतला. पण आज जरा खटकलं. दार सरांनी उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोला, काय काम आहे?" मागच्या वेळी तीन कप चहा प्यायलोय तुमच्या घरी! ग्रंथपाल म्हणजे कुणी पोस्टमन वाटतो यांना. वहिनी धावत आल्या, अहो ते ग्रंथालयातले, विहिरींसाठी येतात ते. मग सर लगेच, हो हो, या या.

संध्याकाळी यायला मला सोईचं पडलं असतं. तसं म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, नको, सकाळीच. संध्याकाळी त्यांना बरं वाटत नाही. निवृत्त माणसाला सकाळ काय आणि संध्याकाळ काय!

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. डेटासंचाची नोंद पूर्ण. शीर्षक, कर्ता, विषय, भौगोलिक क्षेत्र, कालावधी, भाषा, वर्गांक. पुस्तकाची जशी करतो तशी. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत याहून देखणी नोंद झाली नसेल. कुलूपरावाने जागाही दिली, एका दिवसात. माझ्या पत्रातल्या भाषेचा परिणाम असणार.

ताईला नोंद वाचून दाखवली. तिने विचारलं, "आणि आत काय आहे?"

आकडे आहेत, म्हटलं.

"कसले?"

पाण्याचे. शीर्षकातच लिहिलंय ना. हिला काय कळतंय त्यातलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

मीच कुलगुरूबाईंना म्हटलं होतं, मार्चपर्यंत कशाला थांबता, आत्ताच चाचणी घ्या. त्यांनी भूगोलातल्या नकाशाबाईंना डेटा दिला. तरुण, हुशार, या विद्यापीठात नवीन, सरांना कधी भेटलेल्या नाहीत. अटीत बसतात तशाच. आठवडाभर बसून त्यांनी नकाशा केला आणि आज सगळ्यांसमोर मांडला. नकाशावर निम्म्या विहिरी अधूनमधून एकदम खोल गेलेल्या. एका ऋतूत तीस फुटांवर पाणी, पुढच्या ऋतूत नव्व्याण्णव, मग पुन्हा तीस. नकाशाबाई म्हणाल्या, एक तर जमिनीखाली काहीतरी भयंकर घडलंय, नाहीतर या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आणि हे कोणतं ते कळायला तुमच्या नोंदीत एक ओळ नाही.

कुलगुरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदीकडे पाहिलं. शीर्षक, कर्ता, विषय, वर्गांक. नव्व्याण्णव म्हणजे काय, कुठेच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चूक माझीच. पुस्तकाला बाहेरून नोंद पुरते, कारण ते उघडलं की स्वतः बोलतं. आकडे बोलत नाहीत. त्यांचं बोलणं त्यांच्या माणसाकडे असतं, आणि त्या माणसाला मी तेच सोडून बाकी सगळं विचारलं. चहात साखर किती हेसुद्धा.

बाईंनी मार्चअखेरपर्यंतची मुदत कायम ठेवली. परीक्षा विभागाचा शिपाई मात्र खोली मोजायला येऊन गेला. मी त्याच्या हातातल्या पट्टीकडे अशा नजरेने पाहिलं, की तो दारातूनच मोजून परतला.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सरांकडे. रागातच गेलो होतो. नव्व्याण्णव म्हणजे काय, म्हटल्याबरोबर सर खुर्चीत मागे रेलून हसले. "कुत्रं!"

त्यांनी सांगितलं ते असं. विहिरीपर्यंत पोचताच आलं नाही, तर नव्व्याण्णव. कधी कुत्रं सोडलेलं, कधी फाटकाला कुलूप, कधी मालक भांडलेला. लंगडीच्या मळ्यातल्या कुत्र्याने एकदा त्यांची पिशवी पळवली आणि हे पिशवीमागे नि वहिनी यांच्यामागे. जागा रिकामी ठेवली तर नंतरच्याला वाटेल मोजायचं राहिलं, म्हणून आकडा टाकायचा, असा की खरा असूच शकणार नाही. यातली एकही विहीर इतकी खोल नाही.

किती साधं! म्हणजे नकाशाबाईंच्या नकाशावर जिथे कुत्री जास्त तिथे पाणी खोल. हसता हसता माझा राग गेला.

मग मी विचारलं, आणि अठ्ठ्याऐंशी? हा आकडा फक्त सासू विहिरीवर आहे, तोही पुन्हा पुन्हा. सर थांबले. पडद्याकडे बघत राहिले. वहिनी कप उचलायला आल्या, पण त्यांनी कप उचललाच नाही, तशाच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "सांगतो. उद्या सांगतो."

का नाही सांगत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? काहीतरी चूक झाली असणार त्या विहिरीवर आणि ती झाकायची असणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा अठ्ठ्याऐंशी विचारलं. उलट सरांनी मला लंगडीच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तीच, पिशवीसकट. शब्दसुद्धा तेच, हसायची जागाही तीच. मला काय खुळा समजतात? विषय टाळायचा तर सरळ सांगा, नाही सांगत म्हणून.

घरी ताईला नक्कल करून दाखवली. म्हटलं हसेल. ती भाजी निवडत होती, हात थांबले. विचारायला लागली, गोष्ट अगदी तशीच सांगितली का? त्यांना शब्द सापडत नाही तेव्हा बायको देते का? तुला नेहमी सकाळीच का बोलावतात? मी म्हटलं, ही काय उलटतपासणी आहे. ती म्हणाली, "बाबू, तो माणूस तुला टाळत नाहीये. सकाळी जा, आणि रोज जा. आणि तिथे चिडू नकोस, हात जोडते."

हात जोडते म्हणाली. ताई. हिला अचानक काय झालं कळेना.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दार सरांनी उघडलं. माझ्याकडे पाहून प्रसन्न हसले आणि म्हणाले, "नळ दुरुस्तीवाले ना? मागच्या बाजूला या."

त्यांच्या खांद्यामागे वहिनी उभ्या होत्या. त्या मध्ये बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत होत्या, मी आता काय म्हणतो ते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा एकदम. सकाळच का, वाक्यं अर्धी का, कुत्रं दोनदा का. इतके दिवस मी माझ्या मानापानाचा हिशोब करत बसलो होतो आणि या घरातून रोज थोडा थोडा माणूस निघून चालला होता. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, "पाण्याचंच काम करतो सर. विहिरींचं. थोडं समजून घ्यायचं होतं तुमच्याकडून."

"मग आत या की," सर म्हणाले.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, कॅम्पसमध्ये कुणाला सांगू नका. त्यांना विद्यापीठात हुशार माणूस म्हणूनच राहू दे. मी शब्द दिला. त्यांनीच तो फोन का केला होता, हेही आज कळलं.

खोली गेली तर गेली. पण सरांच्या डोक्यातल्या त्या विहिरी मी बुजू देणार नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिवसात तीन माणसांना म्हणालो, "मला एकट्याला जमत नाहीये. मदत करा." कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, माणूस समोर आहे तोवर त्याला विचारून घ्यायचंय, आणि घाई आहे.

गंमत म्हणजे परिपत्रकाला कुणी हललं नव्हतं, याला तिघंही हलले. नकाशाबाईंची तर मी माफी मागायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, पडद्यावरच्या तक्त्यासमोर बसवून कुणाला काय आठवणार? मी तुम्हाला भला मोठा नकाशा छापून देते, जमिनीवर पसरा, त्यांना बोटाने फिरू द्या. शिक्केबाईंनी आधी सगळं ऐकलं, मग विचारलं, या नोंदीचा एक नमुना तयार होईल का? झाला तर पुढे प्रत्येक प्रकल्पाला तो जोडायला लावीन, नाहीतर शिक्का नाही. म्हणजे मी दारोदार फिरून जे मागत होतो, ते त्यांच्या एका शिक्क्यात होतं. त्यांनाही कुणी नीट विचारलं नव्हतं.

कुलूपरावाने कपाटाचं कुलूप काढून एक आवाज टिपायचं यंत्र दिलं आणि म्हणाला, बोलतील ते सगळं टिपा, रोजच्या रोज मला द्या, मी दोन ठिकाणी ठेवतो. त्याच्या पडद्यावर आमची जागा दिसली. तारीख ५ जानेवारी, ग्रंथालयाच्या नावाने राखीव. म्हणजे मी मागायच्या आधीच, पाटी लागली त्या दिवशी! मी विचारलं, हे कसं? म्हणाला, "चुकून झालं असेल." यंत्रांचं काही खरं नाही.

२ मार्च, सोमवार

रोज सकाळी नकाशा. खुर्च्या बाजूला सारून फरशीवर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार कप. नकाशाबाईही येतात. सर गुडघे दुखत असूनही खाली बसतात, बोट फाटकापाशी ठेवतात आणि निघतात. तक्त्यातलं नाव विचारलं की गोंधळतात, पण बोट रस्त्यावर असलं की पायांना आठवतं. इथून उजवीकडे, इथे उतार, इथे चिखल, इथे कंजूष. कंजूष का? मालक नव्हे, विहीरच कंजूष, उपसली की दोन दिवस भरत नाही. बहिरीत दगड टाकला तर आवाज येत नाही, तळाला गाळ. आम्ही विचारतो, सर सांगतात, नकाशाबाई खूण करतात, मी लिहितो. कुठून मोजलं, काठावरून की जमिनीपासून? दोरी कधी बदलली? या अक्षराचा अर्थ काय?

नकाशाबाईंना दोन दिवसांतच कळलं होतं. मला काही विचारलं नाही त्यांनी. फक्त सरांनी तीच गोष्ट पुन्हा सुरू केली की पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसतात. मीही शिकलोय. पिशवी पळवलेलं कुत्रं आता मला पाठ आहे आणि रोज हसू येतं, खरंच येतं.

अठ्ठ्याऐंशी मात्र नाही. बोट सासूपाशी आलं की सर थांबतात. झाड आहे इथे, म्हणतात. एवढंच. आणि वहिनी त्या वेळी नेमक्या स्वयंपाकघरात जातात.

१२ मार्च, गुरुवार

वाईट दिवस. सर नकाशा पाहून चिडले. हे माझं आहे, कोणी आणलं, कोण तुम्ही, माझ्या विहिरी चोरायला आलात? नकाशाचा कोपरा फाटला, एक कप फुटला. वहिनी त्यांना आत घेऊन गेल्या. मी आणि नकाशाबाई काचा वेचत राहिलो. ग्रंथालयात माझ्यावर कुणी असं ओरडलं असतं, तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आज मला नुसतं वाईट वाटलं, त्यांच्यासाठी.

ताई म्हणाली, दोन दिवस जाऊ दे, मग काही झालंच नाही असं जा. तिने वॉर्डातल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. अशा गोष्टी ती नेहमीच सांगते, मी पेपर वाचत हं हं करतो. आज पेपर खाली ठेवला.

२० मार्च, शुक्रवार

पुन्हा जातोय. सर शांत आहेत, पण सकाळ लहान होत चाललीय. चहा संपेपर्यंतच काय ते बोलणं, मग ढग. मिळेल तेवढं घेतो. एक विहीर राहिली होती, लाडकी, तीही आज झाली.

कुलूपराव म्हणाला, अठ्ठ्याऐंशीचे आकडे काढूनच टाका ना, कुणाला कळतंय. मी त्याच्यावर असा उखडलो, की तो चक्क हसला. म्हणाला, बघत होतो, हो म्हणता का ते. मग दोघांनी ठरवलं, काढायचं नाही. मनाने काही ठोकायचंही नाही. 'अर्थ माहीत नाही' असं लिहायचं. माहीत नाही हीसुद्धा माहितीच आहे.

पण रुखरुख लागली आहे. सगळं मिळालं आणि तेवढंच नाही.

२६ मार्च, गुरुवार

आज पूर्ण वर्णन सरांना आणि वहिनींना वाचून दाखवायला गेलो. ज्यांचं आहे त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आम्ही चौघांनी ठरवलंय. सर डोळे मिटून ऐकत होते. विहिरींची नावं आली की मान हलवायचे. मी शेवटच्या ओळीवर आलो. "अठ्ठ्याऐंशी, फक्त सासू विहीर, अर्थ माहीत नाही."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

मी बघतच राहिलो. इतके दिवस! या रोज इथेच होत्या. मग का नाही सांगितलं, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. त्यांनीच सांगितलं, पदराशी चाळा करत. "मला वाटलं, तेवढं तरी त्यांना आठवेल. मी सांगितलं असतं तर मग ते आठवायचंच राहिलं असतं."

सासूच्या काठावर झाड आहे. फिरतीतली ती शेवटची विहीर. दर फेरीला तिथे बसून दोघं डबा खायची. आणि कधी कधी बोलता बोलता इतका उशीर व्हायचा, की अंधारून यायचं आणि मोजायचं राहून जायचं. घरी आल्यावर सर वैतागायचे. वहिनी म्हणायच्या, टाका की मागच्या वेळचाच आकडा, एवढं काय. सर म्हणायचे, खोटा आकडा मी टाकणार नाही. नव्व्याण्णवही टाकणार नाही, कुत्रं नव्हतं, वाट मोकळी होती. म्हणून अठ्ठ्याऐंशी.

मी मोठ्या चुकीचा संशय घेत होतो.

विचारलं, लिहू का हे? की नुसतं 'मोजणी झाली नाही' लिहू? वहिनींनी सरांकडे पाहिलं. सरांना झोप लागली होती. "लिहा," म्हणाल्या. "खोटं काही लिहायचं नाही, हाच तर त्यांचा नियम."

३१ मार्च, मंगळवार

सभा झाली. परीक्षेसाठी कुलगुरूबाईंनी अर्थशास्त्रातला एक माणूस आणला होता, ज्याला विहिरीतलं पाणी फक्त पिण्यापुरतं माहीत. शेजारच्या खोलीत एकटा बसवला. आम्ही चौघं बाहेर बाकावर, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. शिक्केबाई नखं खात होत्या. तो बाहेर आला तो आलेख घेऊनच. कोणत्या विहिरी हळूहळू आटतायत, कोणत्या टिकून आहेत, सगळं स्वच्छ. कुत्र्यांचे आकडे त्याने बरोबर वगळले होते. बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारावं लागलं? तो म्हणाला, नाही. मग जरा लाजून म्हणाला, "पण ते अठ्ठ्याऐंशी वाचून घरी फोन करावासा वाटला."

खोली आमची. शिक्केबाईंचं परिपत्रक उद्या निघतंय, एक पानी. कुलूपरावाने खोलीच्या दाराला नवीन कुलूप आणलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तिथून तडक सरांकडे गेलो. सकाळ टळून गेली होती, पण राहवलं नाही. छापलेलं वर्णन त्यांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट फिरवत, अगदी शांतपणे. आपलं नाव वाचून थांबले नाहीत. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा मोठ्याने वाचलं, "अठ्ठ्याऐंशी. वाट मोकळी होती, मोजणी झाली नाही. संशोधक आपल्या पत्नीशी बोलत बसल्याने." आणि हसले.

"अगं, हा कोण, कामं सोडून बायकोशी गप्पा मारत बसणारा?"

वहिनी म्हणाल्या, "होता एक."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. "राहून गेलं, पण खोटा आकडा नाही टाकला," म्हणाले. "चांगला माणूस दिसतो."

वहिनींनी हो म्हटलं आणि त्यांचा चष्मा पुसायला घेतला. मी रस्त्यात रडलो, लिहायला हरकत नाही.

उद्या वनस्पतिशास्त्र. तिथल्या बाई बियांच्या खुणा म्हणे मनातच ठेवतात. सकाळीच जातो.